घरच्या वायफायला बांध घाला



या पानावर आपण नेहमी बेणे, खत, पाणी आणि खोडव्याची निगा यांविषयी बोलतो. या अंकात विषय थोडा वेगळा घेतला आहे. ऊस विकास अधिकाऱ्याने वायफायवर का लिहावे, असे कोणी विचारील. कारण साधे आहे. ऊसनोंदीचा निरोप मोबाईलवर येतो, तोडणीचा निरोप मोबाईलवर येतो, ऊसबिल बँकेत जमा झाल्याचा निरोपही मोबाईलवरच येतो. पुष्कळ सभासदांच्या घरी आता इंटरनेटची जोडणी आहे. कोणाच्या गोठ्यावर कॅमेरा बसला आहे, तर कोणाच्या मळ्यात जमिनीतील ओल मोजणारे यंत्र आहे. हा सगळा व्यवहार हवेतून चालतो आणि हवेला बांध नसतो. तो आपणच घालावा लागतो. कसा घालावा, एवढेच या लेखात सांगायचे आहे.

तार आणि बिनतार

तारेची जोडणी पाइपलाइनसारखी असते. पाइप ज्याच्या रानात गेला त्यालाच पाणी. दुसऱ्याला घ्यायचे तर पाइप फोडावा लागतो, आणि फोडलेला पाइप दिसतो. वायफाय तसे नाही. कोपऱ्यातली ती छोटी पेटी, जिला राउटर म्हणतात, ती एक लहानसे रेडिओ केंद्रच असते. तिच्या लहरी चारी दिशांना जातात. विटांच्या भिंतीने त्या थोड्या क्षीण होतात, पत्र्याने बऱ्याच अडतात. पण दारे, खिडक्या, कौले यांतून बाहेर पडतातच. साध्या मोबाईलवर त्या काही दहा मीटरपर्यंत मिळतात. दिशा धरणारा अँटेना लावला तर त्याहून कितीतरी लांबून पकडता येतात.

म्हणजे आपल्या घरातले बोलणे रस्त्यावर ऐकू जाते, असे समजून चालावे. मग ऐकणाऱ्याला ते समजू नये यासाठी काय करायचे? बोलणे गुप्त लिपीत करायचे. आणि आत कोणी शिरू नये यासाठी? दारावर परवलीचा शब्द ठेवायचा. वायफायची सगळी सुरक्षितता या दोन गोष्टींवर उभी आहे. यांतली एक जरी कच्ची राहिली तरी बांध फुटला म्हणून समजा.

गटसभेत एका सभासदाने विचारले होते, "शेजारच्या पोराने आमचं वायफाय वापरलं तर बिघडलं काय? नेट तर अनलिमिटेड आहे." प्रश्न सरळ आहे. नेट संपत नाही, हे खरे. पण त्या जोडणीवरून जे काही बाहेर जाते ते आपल्या नावाने जाते. याचे एक उदाहरण आपल्याच राज्यातले आहे.

सानपाड्याचे प्रकरण

२६ जुलै २००८ रोजी संध्याकाळी अहमदाबाद शहरात एकामागून एक बॉम्बस्फोट झाले. त्यांत ५६ माणसे मृत्युमुखी पडली आणि दोनशेहून अधिक जखमी झाली. स्फोट सुरू होण्याच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना एक धमकीचा ई-मेल आला होता. तो कोठून पाठवला गेला याचा शोध महाराष्ट्राच्या दहशतवादविरोधी पथकाने घेतला. इंटरनेटच्या प्रत्येक जोडणीला एक क्रमांक असतो, त्याला आयपी पत्ता म्हणतात. त्या क्रमांकाचा माग नवी मुंबईत, सानपाड्याच्या एका इमारतीतल्या फ्लॅटपाशी येऊन थांबला.

तेथे एक अमेरिकन गृहस्थ कुटुंबासह राहत होते. पोलिसांनी कॉम्प्युटर तपासले, त्यांची कसून चौकशी केली. त्या माणसाचा स्फोटांशी काहीही संबंध नव्हता. त्याच्या घरचे वायफाय मात्र नीट बंदिस्त केलेले नव्हते. बाहेरच्या कोणीतरी त्यात शिरून ई-मेल धाडला आणि तो निघून गेला. कागदोपत्री नाव राहिले घरमालकाचे.

एवढ्यावर ते थांबले नाही. त्याच वर्षी २३ ऑगस्टला दुसरा ई-मेल माटुंग्याच्या एका कॉलेजच्या जोडणीवरून गेला. १३ सप्टेंबरला, दिल्लीत स्फोट झाले त्या दिवशी, तिसरा ई-मेल चेंबूरच्या एका खाजगी कंपनीच्या वायफायवरून गेला. तिन्ही ठिकाणच्या मालकांना याचा पत्ताही नव्हता. यानंतर फेब्रुवारी २००९ मध्ये केंद्राच्या दूरसंचार विभागाने इंटरनेट पुरविणाऱ्या कंपन्यांना वायफाय सुरक्षित ठेवण्याबद्दल आणि वापरणाऱ्याची ओळख पटविण्याबद्दल सूचना काढल्या.

आता त्या सभासदाच्या प्रश्नाचे उत्तर द्यायला हरकत नाही. नेट संपत नाही, पण नाव जाऊ शकते. शेवटी निर्दोष ठरलो तरी मधल्या काळातला मनस्ताप कोणी भरून देत नाही.

कुलपांच्या जाती

उसाच्या जाती जशा बदलत गेल्या तशी वायफायची कुलपेही बदलत गेली. एके काळी आपल्या भागात जिकडे तिकडे को. ७४० होता, पुढे को. ८६०३२ आला. आज कोणी जुन्याच जातीचा हट्ट धरून बसला तर आपण त्याला समजावतो. कुलपाचेही तसेच आहे.

पहिले कुलूप १९९७ च्या मानकात आले. त्याचे नाव डब्ल्यूईपी, बोलताना वेप. त्यात एक मूळचाच दोष होता. माहिती लहान लहान पुड्यांत बांधून पाठवतात आणि प्रत्येक पुडीला वेगळा नंबर देऊन तिची गुप्त लिपी बदलतात. हा नंबर वेपमध्ये फारच तोकडा ठेवला होता. एकूण नंबर सुमारे १ कोटी ६७ लाख. आकडा मोठा वाटतो, पण गर्दीच्या जाळ्यात तो काही तासांत संपतो आणि जुने नंबर पुन्हा फिरून येतात. वजनकाट्यावर एकाच नंबरच्या दोन पावत्या फाटल्या तर घोळ शोधणाऱ्याला जसा धागा मिळतो, तसा चोराला येथे मिळाला. २००१ मध्ये फ्लूरर, मँटिन आणि शमीर या तिघा अभ्यासकांनी ही किल्ली गणिताने कशी काढता येते ते दाखवून दिले. २००७ मध्ये जर्मनीतल्या डार्मस्टाट विद्यापीठातील अभ्यासकांनी तेच काम एका मिनिटाच्या आत करून दाखवले.

या कच्च्या कुलपाची किंमत अमेरिकेतल्या टीजेएक्स या मोठ्या दुकानदारी कंपनीने मोजली. जुलै २००५ मध्ये फ्लोरिडातील मायामी येथे चोर तिच्या दुकानांच्या बिनतारी जाळ्यातून आत शिरले. दार फोडले नाही की तिजोरी उचकटली नाही. दुकानाच्या जाळ्यातून ते कंपनीच्या मुख्य कॉम्प्युटरपर्यंत पोहोचले. २००७ मध्ये प्रकार उघडकीस आला तेव्हा किमान ४ कोटी ५७ लाख बँक-कार्डांची माहिती चोरीला गेल्याचे कंपनीने जाहीर केले. टोळीच्या म्होरक्याला मार्च २०१० मध्ये २० वर्षांची शिक्षा झाली. एवढ्या मोठ्या कंपनीचे वेप कुलूप टिकले नाही, तर आपले काय टिकणार?

वेपनंतर २००३ मध्ये डब्ल्यूपीए आले आणि २००४ मध्ये डब्ल्यूपीए-२ आले. आपल्याकडच्या बहुतेक घरी आज हेच असते. ते पुष्कळ मजबूत आहे. तरीही ऑक्टोबर २०१७ मध्ये बेल्जियममधील लूवेन विद्यापीठाचे संशोधक माथी व्हानहूफ यांनी त्यातही एक फट दाखवली. मोबाईल आणि राउटर जोडणीच्या वेळी एकमेकांना चार निरोप पाठवतात. त्यांपैकी तिसरा निरोप मुद्दाम परत परत पाठवून मोबाईलला जुनीच किल्ली वापरायला लावता येते, असा तो दोष होता. यावर दुरुस्ती निघाली. पण ही दुरुस्ती सॉफ्टवेअरची असल्याने ती आपल्या मोबाईलमध्ये आणि राउटरमध्ये भरली गेली तरच उपयोग. औषध दुकानात आहे म्हणून शेतातली हुमणी मरत नाही.

२०१८ मध्ये डब्ल्यूपीए-३ आले. नवा राउटर घेताना हे आहे का, एवढे दुकानदाराला जरूर विचारावे.

चोर पासवर्ड कसा काढतो

डब्ल्यूपीए-२ चे कुलूप चांगले असले तरी किल्ली आपण ठेवतो, आणि चूक तेथेच होते. चोर दारात उभा राहून एकेक शब्द टाकून बघत नाही. आपला मोबाईल राउटरला जोडला जातो त्या वेळची देवाणघेवाण तो हवेतून एकदा टिपून घेतो आणि घरी जातो. मग आपल्या कॉम्प्युटरवर सावकाश एकेक पासवर्ड लावून तो जुळतो का ते पाहतो. हे काम तो करीत असताना आपल्याला काहीच कळत नाही.

आता हिशोब पाहा. आठ आकड्यांचा पासवर्ड ठेवला तर एकूण १० कोटी शक्यता. चांगल्या कॉम्प्युटरला हे काही मिनिटांचे काम आहे. पुष्कळ जण आपला मोबाईल नंबरच पासवर्ड ठेवतात. तो दहा आकडी असला तरी पहिला आकडा ६ ते ९ यांपैकीच असतो, म्हणजे फार तर ४०० कोटी शक्यता. तेही काही तासांत होते. शिवाय गावात आपला नंबर कोणाला ठाऊक नाही? मुलाचे नाव आणि जन्मसाल, कुलदैवताचे नाव आणि १२३, ट्रॅक्टरचा नंबर, हे तर चोर सर्वांत आधी लावून पाहतो.

म्हणून पासवर्ड लांब ठेवावा. चार असंबद्ध शब्द एकापुढे एक लिहावेत. उदाहरणार्थ तांब्या, सायकल, चिंच, पंचांग. ते इंग्रजी अक्षरांत लिहून मध्ये एखादा आकडा घालावा. लक्षात राहायला सोपे आणि काढायला अवघड. मात्र हेच चार शब्द घेऊ नका, ते आता सर्व सभासदांनी वाचले आहेत. डब्ल्यूपीए-३ मध्ये अशी टिपून नेण्याची सोय चोराला राहत नाही. प्रत्येक अंदाज त्याला दारातच करावा लागतो.

मागचे दार

पुष्कळ राउटरवर डब्ल्यूपीएस लिहिलेले एक बटन असते. पासवर्ड न टाकता मोबाईल जोडता यावा म्हणून ही सोय. हिच्यात आठ आकड्यांचा एक पिनही असतो. आठ आकडे म्हणजे कोट्यवधी शक्यता असायला हव्यात. पण डिसेंबर २०११ मध्ये असे उघड झाले की राउटर हा पिन दोन तुकड्यांत तपासतो आणि पहिला अर्धा बरोबर की चूक ते आधीच सांगून टाकतो. पहिल्या चार आकड्यांच्या १०,००० शक्यता. उरलेल्या चारांपैकी शेवटचा आकडा आधीच्या आकड्यांवरून ठरतो, म्हणून तिथे फक्त १,००० शक्यता. एकूण ११,०००. काही तासांत पिन मिळतो आणि पिन मिळाला की तो लांबलचक पासवर्डही मिळतो. पुढच्या दाराला पोलादी कुलूप आणि मागच्या दाराला सुतळी, असा हा प्रकार झाला. ही सोय बंद करून ठेवणेच बरे.

एकदा आत आल्यावर

कोणी म्हणेल, बँकेचे ॲप स्वतःच सगळे गुप्त लिपीत पाठवते, मग भीती कसली? हे बरोबर आहे. नुसता वायफायमध्ये शिरलेला माणूस आपला बँकेचा पिन सहजासहजी वाचू शकत नाही. पण तो राउटरच्या आत हात घालू शकतो. राउटरचे सेटिंग बदलण्यासाठी एक वेगळे नाव आणि पासवर्ड असतो. बसवून देणारा माणूस बहुधा तो कंपनीचाच ठेवून जातो. नावही ॲडमिन आणि पासवर्डही ॲडमिन! हे साऱ्या जगाला पाठ आहे.

राउटरमध्ये एक पत्तेवही नेमलेली असते. आपण बँकेचे नाव लिहिले की कोणत्या कॉम्प्युटरकडे जायचे ते ती सांगते. चोराने ही वही बदलली तर आपण बरोबर नाव लिहूनही खोट्या बँकेच्या दारात जातो. ऊस आणि साखरेत आपला जुना स्पर्धक असलेल्या ब्राझीलमध्ये २०११ साली हेच झाले. चोरांनी मोडेमच्या दोषाचा फायदा घेऊन सुमारे ४५ लाख मोडेमची पत्तेवही बदलली. लोक आपल्या बँकेचे पान समजून खोट्या पानावर नाव-पासवर्ड भरत राहिले. कॉम्प्युटरमध्ये शोधले तर काही सापडत नव्हते, कारण खोट कॉम्प्युटरमध्ये नव्हती, कोपऱ्यातल्या पेटीत होती. तेव्हा ब्राउझरने धोक्याची सूचना दिली तर "पुढे चला" वर बोट ठेवू नये. तेथेच थांबावे.

गोठ्यावरच्या कॅमेऱ्यालाही हाच नियम लागू आहे. २०१६ मध्ये मिराई नावाच्या एका किडीने जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. तिच्याजवळ काही जादू नव्हती. कंपनीने घालून दिलेल्या साठेक नाव-पासवर्डांची यादी होती, एवढेच.

दोन गैरसमज

वायफायचे नाव लपवून ठेवले म्हणजे झाले, असे काहींना वाटते. पण मोबाईल जोडताना ते नाव हवेत उघडेच जाते. शोधणाऱ्याला ते दिसते. दुसरा उपाय म्हणजे ठराविक मोबाईलचेच यंत्रक्रमांक राउटरमध्ये नोंदवून ठेवणे. हा क्रमांकही हवेत उघडा असतो आणि त्याची नक्कल करता येते. हे उपाय बुजगावण्यासारखे आहेत. पाखरे उडतील, रानडुक्कर उडणार नाही.

सभासदांनी काय करावे

१) राउटरच्या खालच्या लेबलवर सेटिंगचा पत्ता छापलेला असतो. तेथे जाऊन ॲडमिनचा पासवर्ड प्रथम बदलावा. जमत नसेल तर बसवून देणाऱ्याला बोलवावे, पण नवा पासवर्ड स्वतःच्या हाताने टाकावा.

२) कुलूप डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ आहे याची खात्री करावी. वेप किंवा उघडे असेल तर आजच बदलावे. राउटरला वेपशिवाय दुसरे येतच नसेल तर तो भंगारात घालावा.

३) वायफायचा पासवर्ड लांब ठेवावा. मोबाईल नंबर, नाव, जन्मसाल नको.

४) डब्ल्यूपीएस बंद करावे.

५) राउटर, मोबाईल आणि कॅमेऱ्याचे सॉफ्टवेअर अपडेट करीत राहावे. कंपनी दुरुस्ती पुरवीत नसेल इतका राउटर जुना झाला, तर तो खोडव्याचा खोडवा समजून मोडावा.

६) पाव्हण्यांसाठी "गेस्ट" वायफाय वेगळे ठेवता येते. कॅमेरा आणि शेतातली यंत्रे यांनाही वेगळे जाळे द्यावे. ऊसतोडीच्या दिवसांत वस्तीवर दहा माणसे येतात-जातात. एकदा दिलेला पासवर्ड मोबाईलमध्ये कायम राहतो आणि तेथून पुढे दुसऱ्यालाही देता येतो. हंगाम संपला की पासवर्ड बदलावा.

७) स्टँडवर, स्टेशनवर किंवा हॉटेलात फुकट वायफाय मिळाले तर त्यावर बँकेचा व्यवहार करू नये. तेच नाव देऊन कोणीही खोटे वायफाय उभे करू शकतो आणि मोबाईल ओळखीचे नाव दिसले की आपोआप जोडला जातो. अशा वेळी मोबाईलचा स्वतःचा डेटा वापरावा.

८) महिन्यातून एकदा राउटरच्या सेटिंगमध्ये जोडलेल्या यंत्रांची यादी पाहावी. अनोळखी नाव दिसले तर पासवर्ड बदलावा.

कायदा काय सांगतो

मालकाच्या परवानगीशिवाय दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये किंवा जाळ्यात शिरणे हे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मध्ये बसते. ते लबाडीने केले तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. तरुण पोरे मोबाईलवर काहीतरी ॲप घालून शेजाऱ्याचे वायफाय "फोडल्याचे" कौतुकाने सांगतात. घरातल्या वडीलधाऱ्यांनी त्यांना वेळीच समज द्यावी. नोकरीच्या वयात अंगावर गुन्हा घेण्याइतकी ती गंमत मोठी नाही.

खात्यातून पैसे गेल्याचे लक्षात आले तर लाजून गप्प बसू नये. ताबडतोब १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर फोन करावा आणि बँकेला कळवावे. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणे अवघड.

बांधावरून होणारी भांडणे आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो आहोत. एक वीत सरकली तरी आपण मोजणी आणतो. घरचा हा बांध दिसत नाही म्हणून मोडका ठेवू नये. वरील आठ कामांपैकी पहिली चार अर्ध्या तासात होतात आणि त्यांना एक पैसाही लागत नाही. ती या आठवड्यात उरकून घ्यावीत, ही सर्व सभासदांना विनंती.

– ऊस विकास अधिकारी